थकलेलं कर्ज, न भरलेलं रिटर्न आणि सिक्युरिटी क्लिअरन्स

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही उत्तर व्हर्जिनियात राहता, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं आहे आणि एका डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरची ऑफर हातात आहे. तिला सिक्रेट क्लिअरन्सची, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळण्याच्या परवानगीची, अट आहे. मधल्या काळात नोकरी गेली होती. त्यात दोन क्रेडिट कार्डं थकली आणि बँकांनी ती चार्ज-ऑफ केली, म्हणजे बुडीत दाखवली. दोन्ही मिळून सुमारे २७ हजार डॉलर. हॉस्पिटलचं ९०० डॉलरचं एक बिल वसुली एजन्सीकडे गेलं आहे. त्याच धांदलीत एका वर्षाचं टॅक्स रिटर्न भरायचं राहून गेलं. शिवाय पुण्यात भावाच्या धंद्याच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात आणि त्याचेही हप्ते तुंबलेत. मित्र सांगतात की सात वर्षं होऊ देत, सगळं रिपोर्टवरून आपोआप निघून जाईल, मग अर्ज कर.

मी बरीच वर्षं क्लिअरन्सच्याच प्रकरणांत वकिली करते आहे आणि त्यातली बहुतेक प्रकरणं पैशाची असतात. इथे लिहिते ती सर्वसाधारण माहिती आहे. कागद बघून देतात तो सल्ला वेगळा. पण तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं. थांबू नका. तुमचं प्रकरण सावरण्याजोगं आहे. मात्र ते सावरतं कर्ज जुनं होण्याने नाही, तुम्ही हालचाल कधी सुरू केलीत यावर. आणि पहिला हात कार्डांना लावू नका, राहिलेल्या रिटर्नला लावा.

आधी नियम कुठे आहे ते सांगते. जून २०१७ पासून सगळ्या सरकारी खात्यांना एकच निकषावली लागू आहे, ती सिक्युरिटी एक्झिक्युटिव्ह एजंट डिरेक्टिव्ह ४ मध्ये आहे. तिच्यात ए पासून एम पर्यंत १३ गाइडलाइन्स आहेत आणि पैशाची आहे ती गाइडलाइन एफ. तिचं म्हणणं असं की ज्याला आपल्या ऐपतीत राहता येत नाही किंवा देणी फेडता येत नाहीत, त्याच्या संयमाबद्दल, विवेकाबद्दल आणि नियम पाळण्याच्या तयारीबद्दल शंका येते. आणि गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी बेकायदा काम करण्याचा धोका जास्त. हे कुणाच्या मनात उगाच आलेलं नाही. नौदलातला जॉन वॉकर १९६७ च्या अखेरीला वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत गेला तेव्हा त्याचा बार तोट्यात चालला होता. पुढे १९८५ पर्यंत तो नौदलाच्या सांकेतिक यंत्रणांची गुपितं विकत राहिला. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स १९८५ मध्ये त्याच वकिलातीत गेला, घटस्फोटानंतरच्या कर्जाच्या ओझ्याखाली, आणि पहिल्यांदा त्याने ५० हजार डॉलर मागितले. १९९४ मध्ये त्याला पकडलं तोवर त्याच्या माहितीमुळे माणसं मारली गेली होती. निकषावलीत कर्जाच्या जोडीला ‘न समजणारी श्रीमंती’ हाही मुद्दा आहे, तो या एम्सने रोख पैशात घेतलेल्या घराकडे आणि जॅग्वार गाडीकडे पाहिलं की कळतो.

तुमच्याबद्दल कुणाला असा संशय आहे असं मुळीच नाही. पण तपासणाऱ्याच्या डोक्यात पाठीमागे ही चित्रं असतात, एवढं लक्षात ठेवलं की पुढचे प्रश्न अपमानास्पद वाटत नाहीत.

लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो रकमेचा. किती कर्ज असलं तर क्लिअरन्स जातं? असा आकडा निकषावलीत कुठेही नाही. क्रेडिट स्कोअरही निकष नाही. ६० हजारांचं देणं असलेल्या माणसाला क्लिअरन्स मिळालेलं मी पाहिलं आहे आणि नऊ-दहा हजारांवर नाकारलेलंही. फरक पडतो तो तारखांनी.

तपशील बदलून एक सुनावणी सांगते. अर्जदार नेटवर्क इंजिनिअर, कामात चोख, वरिष्ठांची प्रशस्तिपत्रं भरपूर. सरकारी वकिलाने वेगवेगळ्या वेळी काढलेले त्याचे तीन क्रेडिट रिपोर्ट पुराव्यात लावले होते. न्यायाधीशांनी ते शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, “या खात्यावर पहिला हप्ता कधी भरलात?” तो म्हणाला, “जूनमध्ये.” “आणि सरकारचं आरोपांचं पत्र तुम्हाला मिळालं कधी?” “मे महिन्यात.” पुढचे प्रश्न झाले, पण खरं प्रकरण तिथेच फिरलं. तीन वर्षं पगार चालू होता, फोन एकही नाही, आणि पत्र आल्यावर महिनाभरात पैसे भरायला सुरुवात. निकालपत्रांत हे वारंवार येतं की नोकरी धोक्यात आल्यावरच देणी फेडणाऱ्याच्या प्रयत्नाला कमी वजन. कारण उद्या हा दबाव नसेल तेव्हा हा माणूस काय करेल, याचं उत्तर त्या तारखांतून मिळत नाही. तुमच्या हातात आज ती सवलत आहे. अजून कुणी काही विचारलेलं नाही. आज भरलेला ५० डॉलरचा हप्ताही पत्र आल्यानंतरच्या ५०० च्या हप्त्यापेक्षा मोलाचा आहे.

म्हणूनच सात वर्षं थांबायचा सल्ला मला फार घातक वाटतो. आपल्या लोकांत तो इतक्या सहज फिरतो की चांगली चांगली माणसं त्यात अडकतात. सात वर्षांनी नोंद क्रेडिट रिपोर्टवरून निघते हे खरं, पण तो रिपोर्ट देणाऱ्या कंपन्यांवरचा नियम आहे. देणं त्याने मिटत नाही. डिफेन्स खात्याच्या अपील बोर्डाने हे कितीदा तरी सांगितलं आहे की रिपोर्टवरून नोंद गेली म्हणजे देणं फेडलं असं नाही. दावा लावायची मुदत संपली, हेही उत्तर चालत नाही. कोर्टात तो बचाव होईल, इथे तो ‘वाट पाहत बसलो’ याचा कबुलीजबाब होतो. चार्ज-ऑफचंही तसंच. साधारण १८० दिवस पैसे आले नाहीत की बँक आपल्या हिशेबात ती रक्कम बुडीत दाखवते. तो बँकेचा हिशेब. तुम्ही अजून देणेकरीच.

आणि फॉर्मच बघा. एसएफ-८६, म्हणजे क्लिअरन्सचा अर्ज, त्याच्या २६ व्या विभागात गेल्या सात वर्षांबद्दल प्रश्न आहेत, पण त्यांच्यासोबत एक प्रश्न असाही आहे की आज, या घडीला, कोणतंही देणं १२० दिवसांहून जास्त थकलेलं आहे का. त्याला सात वर्षांची मर्यादा नाही. न फेडलेलं कार्ड आठव्या वर्षीही तिथे लिहावंच लागतं.

आता तुमच्या बाजूने काय आहे ते पाहू. गाइडलाइन एफमध्ये बचावाच्या काही अटी दिल्या आहेत, त्यांतली तुम्हाला सर्वांत जवळची म्हणजे परिस्थिती हाताबाहेरची असणं: नोकरी जाणं, धंदा बसणं, अचानक आजारपण, मृत्यू, घटस्फोट, सावकारी फसवणूक, ओळखीची चोरी. तुमची नोकरी गेली होती, म्हणजे अटीचा पहिला अर्धा भाग तयार आहे. लोक तिथेच थांबतात. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे म्हटलं आहे की त्या परिस्थितीत तुम्ही जबाबदारीने वागला असलात पाहिजे. हा दुसरा अर्धा भाग सिद्ध करायचा असतो आणि तो कागदांनी होतो. नोकरीवरून कमी केल्याचं पत्र, बेकारी भत्त्याच्या नोंदी, त्या काळात केलेले नोकरीचे अर्ज, बँकेला फोन करून हार्डशिप प्रोग्रॅम (अडचणीत असलेल्यांसाठीची सवलत) मागितला असेल तर त्याच्या ईमेल, कोणते खर्च कापलेत त्याच्या खुणा. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस सरकारी कामकाज बंद होतं तेव्हा कितीतरी घरांत हप्ते चुकले. ज्यांनी त्या वेळी बँकेला एक ईमेल टाकून ठेवली होती त्यांच्याकडे नंतर दाखवायला काही होतं.

आणि नवी नोकरी कधी लागली, ती तारीख महत्त्वाची. नोकरी नव्हती तोवर पैसे भरता आले नाहीत हे कुणीही समजून घेतं. पगार सुरू झाल्यावर किती दिवसांत तुम्ही घेणेकऱ्यांशी बोललात, हे विचारलं जाणार. तो काळ लांबला असेल तर त्याचं खरं कारण आत्ताच स्वतःशी स्पष्ट करून ठेवा. आईच्या ऑपरेशनला भारतात पैसे पाठवत होतात, तर त्याच्या पावत्या जमवा. कारण काहीच नसेल, नुसती भीती आणि टाळाटाळ असेल, तर तसंच सांगा. खोटं कारण रचू नका.

आता टॅक्सकडे येते, कारण तुमच्या यादीतली सर्वांत जड गोष्ट हीच आहे आणि तुम्ही ती शेवटून दुसरी लिहिली आहे. कार्ड थकणं हा तुमच्या नि बँकेच्या मधला व्यवहार. रिटर्न न भरणं म्हणजे सरकारने घालून दिलेला नियम न पाळणं, आणि ज्याच्याकडे तुम्ही विश्वास मागायला निघाला आहात ते तेच सरकार. म्हणून गाइडलाइनमध्ये वार्षिक रिटर्न न भरणं हा वेगळा मुद्दा आहे; संघराज्याचं, राज्याचं आणि स्थानिक, तिन्ही. व्हर्जिनियाचं रिटर्न वेगळं असतं, ते विसरू नका. अपील बोर्डाचा रोख असा असतो की कुणी मागे लागलेलं नसताना जो कायद्याने घातलेलं बंधन पाळत नाही, तो गुप्त कागद हाताळण्याचे कंटाळवाणे नियम पाळेल का?

म्हणून याच आठवड्यात ते रिटर्न भरा. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बहुतेकांची गाडी इथेच अडते. न भरलेल्या रिटर्नचा दंड देय कराच्या महिन्याला ५ टक्के असतो, तो २५ टक्क्यांपर्यंत चढतो. रिटर्न भरून नुसता कर थकवला तर दंड महिन्याला अर्धा टक्का. म्हणजे पैसे नसतील तेव्हा तर रिटर्न आधी भरायला हवं. थकलेली रक्कम दंड-व्याजासकट ५० हजार डॉलरच्या आत असेल तर आयआरएसच्या, म्हणजे संघराज्याच्या कर खात्याच्या, साइटवर स्वतःच हप्त्यांची मागणी करता येते. कर अधिकाऱ्यांशी हप्ते ठरवून ते नियमित भरणं, ही गाइडलाइनमधली स्वतंत्र बचावाची अट आहे. रिफंड निघणार असेल तरी रिटर्न भरायचंच. ‘त्यांचं माझ्याकडे काही निघत नव्हतं’ हे उत्तर मी सुनावणीत ऐकलं आहे आणि त्याने कुणाचं समाधान झालेलं पाहिलेलं नाही. भरून झाल्यावर आयआरएसकडून त्या वर्षाचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे त्यांच्याकडच्या नोंदीचा उतारा, काढा. तुमच्या कॉम्प्युटरवरची रिटर्नची पीडीएफ म्हणजे रिटर्न पोचल्याचा पुरावा नाही, ट्रान्सक्रिप्ट आहे.

इथे आपल्या लोकांसाठी थोडं विषयांतर, पण गरजेचं. भारतातली खाती. अमेरिकन नागरिकाला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं म्हणून इथेही नसेल असं कित्येकांना वाटतं. तसं नाही, इथे ते करपात्र आहे. आणि परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तरी एफबार नावाची वेगळी माहिती द्यावी लागते. आईबाबांच्या खात्यावर तुमचं दुसरं नाव असेल तर तेही त्यात आलं. मी हे का सांगते? एसएफ-८६ वर परदेशातली खाती आणि मालमत्ता लिहावी लागते. तुम्ही तिथे प्रामाणिकपणे पुण्यातली ठेव लिहाल आणि तपासणारा विचारेल की हिचं व्याज रिटर्नमध्ये कुठे आहे. ज्यांनी जाणूनबुजून लपवलेलं नाही त्यांच्यासाठी आयआरएसची स्ट्रीमलाइन्ड नावाची वाट आहे. राहिलेलं रिटर्न भरायला सीपीएकडे (परवानाधारक हिशेबनिसाकडे) जाल तेव्हा हाही विषय त्याच बैठकीत काढा, आणि त्याला भारतातल्या खात्यांचा अनुभव आहे का ते आधी विचारा.

कार्डांचं आणि हॉस्पिटलच्या बिलाचं त्यामानाने सोपं. तिन्ही कंपन्यांचे, म्हणजे एक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियनचे रिपोर्ट काढा. ते आता दर आठवड्याला फुकट मिळतात. ९०० डॉलरचं बिल एकदम भरून टाका आणि ‘बाकी शून्य’चं पत्र घ्या. सगळी देणी एकाच वेळी फेडली पाहिजेत असा नियम नाही. अपील बोर्डाने २००८ च्या एका निर्णयात हे स्पष्ट केलं आहे: वाजवी आराखडा हवा आणि तो अमलात आणायला सुरुवात केलेली हवी. आधी एक कार्ड, मग दुसरं, हा क्रम चालतो. मात्र महिन्याचा हिशेब खरा मांडा. हाती येणारा पगार, भाडं, गाडी, किराणा, भारतात पाठवायचे पैसे, आणि उरतं काय? उरतात ४०० आणि हप्ता कबूल केलात ९०० चा, तर तीन महिन्यांत तो मोडेल. मोडलेली योजना ही नसलेल्या योजनेपेक्षा वाईट दिसते.

पैसे भरण्याआधी देणं आज कुणाच्या नावावर आहे ते तपासा. चार्ज-ऑफ झालेली खाती विकली जातात, कधी दोनदा-तीनदा. लेखी खुलासा मागा. तडजोड ठरली तर आधी पत्र, मग पैसे. तडजोडीत जी रक्कम सोडली जाते तिचा १०९९-सी फॉर्म येऊ शकतो आणि ती रक्कम उत्पन्न म्हणून धरली जाते. तुमची एकूण देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर सूट मिळू शकते, तेही सीपीएला विचारा. घेणेकऱ्याने स्वतःहून १०९९-सी काढून विषय सोडून दिला, तर तुमच्यामागचं देणं सुटलं असेल, पण त्याला ‘प्रामाणिक परतफेड’ म्हणत नाहीत. तुम्ही काही केलेलंच नसतं.

ना-नफा तत्त्वावर चालणारी क्रेडिट काउन्सेलिंग संस्था आणि रेडिओवर जाहिरात करणारी डेट सेटलमेंट कंपनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा उल्लेख गाइडलाइनमध्येच बचावाच्या बाजूने आहे. दुसऱ्या प्रकारच्या कंपन्या बहुधा सांगतात की आता कुणालाच पैसे देऊ नका, आमच्याकडे साठवा. तो साठा होईपर्यंत चालू असलेली खातीही थकतात, आणि ती थकल्याची जबाबदारी सहीनिशी तुमची. मला हा मार्ग क्लिअरन्सवाल्यांसाठी अजिबात पसंत नाही.

दिवाळखोरी, म्हणजे चॅप्टर ७ किंवा १३, कायदेशीर आहे आणि तिने क्लिअरन्स आपोआप जात नाही. १३ मध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते भरले जातात, त्यामुळे दाखवायला काही राहतं. २७ हजारांसाठी, पगार चालू असताना, मी तुम्हाला त्या दिशेने पाठवणार नाही. मामाकडून उसने घेऊन कार्डं फेडायचा विचार असेल तर तेही जपून. देणं एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं, आणि मामा भारतात असतील तर परदेशी माणसाचे तुम्ही देणेकरी होता.

यावरूनच पुण्यातल्या जामिनाकडे येते. तुम्ही लिहिलंत की ते कर्ज माझं नाही, भावाचं आहे, आणि अमेरिकेच्या रिपोर्टवर दिसतही नाही. दोन्ही वाक्यं तुम्हाला अडचणीत आणतील. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते; बँक भावाला सोडून थेट तुमच्याकडे येऊ शकते. आणि एसएफ-८६ च्या थकबाकीच्या प्रश्नांत स्पष्ट लिहिलं आहे की ज्या देण्यांना तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार आहात तीही धरा. म्हणजे ते लिहायचंच आहे. शिवाय भाऊ परदेशी नागरिक, बँक परदेशी, त्यामुळे गाइडलाइन बी, म्हणजे परदेशी प्रभाव, हाही विषय उघडतो. प्रश्न साधा असतो: या कर्जावरून तिकडून कुणी तुमच्यावर दबाव आणू शकेल का? उत्तर कागदात हवं. भावाकडून कर्जाचं स्टेटमेंट मागवा, किती हप्ते थकलेत ते पाहा, बँकेने तुमच्या नावे नोटीस काढली आहे का ते विचारा. कर्जाची पुनर्रचना होत असेल तर त्याचं पत्र घ्या. जामिनातून सुटता येत असेल, दुसरा जामीनदार किंवा तारण देऊन, तर उत्तमच. पण बँका सहज सोडत नाहीत. भावाशी हे बोलणं अवघड जाईल याची मला कल्पना आहे. तरी त्याला सांगा की एका सरकारी तपासणीत तुमचं नाव त्या कर्जाशी जोडलेलं आहे आणि तुम्हाला दरमहा स्टेटमेंट लागेल. तो हिशेब दाखवणं टाळत असेल, तर तेही तुम्हाला आजच कळलेलं बरं.

फॉर्म भरताना एक गोष्ट मनाशी पक्की करा. कर्जातून सावरता येतं, खोट्यातून फार क्वचित. २६ व्या विभागात ‘नाही’ लिहिलंत आणि रिपोर्टवर ‘हो’ निघालं, की प्रकरण गाइडलाइन एफवरून गाइडलाइन ई वर, म्हणजे वैयक्तिक वर्तणुकीवर जातं. जाणीवपूर्वक खोटं लिहिणं हा संघराज्याच्या कायद्याखाली ५ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कंपनीतल्या कुणी ‘ते लिहू नकोस, छोटं आहे’ असं सांगितलं तरी सही तुमची असते. प्रत्येक थकबाकीला शेरा लिहायला जागा असते. तिथे कारण, तारीख आणि आज काय चालू आहे, एवढं चार ओळींत लिहा. गाऱ्हाणं नको.

वेळेबद्दल विचारलंत. अर्ज तुम्ही स्वतः करू शकत नाही, कंपनीच तो सुरू करते. (ग्रीन कार्ड किंवा एच-१बी वर असलेल्यांसाठी: क्लिअरन्स फक्त नागरिकांनाच मिळतं.) कंपनीने फॉर्म पाठवायला काही आठवड्यांची मुदत दिली तर ती घ्या आणि त्यात रिटर्न आणि बिल हे दोन विषय संपवा, कार्डांचे पहिले हप्ते सुरू करा. मुदत नाही मिळाली तरी पाठवा. तुमच्या परिस्थितीत इंटरिम (तात्पुरतं) क्लिअरन्स नाकारलं जाण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा अंतिम निर्णयापर्यंत कंपनी थांबेल का, हे ऑफर स्वीकारण्याआधीच विचारा. हातातली नोकरी सोडण्याची घाई करू नका.

पुढे तपासनीस भेटेल आणि एकेक खातं घेऊन विचारेल. त्यानंतर कदाचित लेखी प्रश्नावली येईल, सोबत महिन्याच्या जमाखर्चाचा तक्ता. तरीही शंका राहिली तर स्टेटमेंट ऑफ रीझन्स येतं, ज्याला सगळे एसओआर म्हणतात. त्यात १.ए, १.बी, १.सी असं एकेक देणं रकमेसकट लिहिलेलं असतं आणि कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला २० दिवसांत प्रत्येकापुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहून उत्तर द्यावं लागतं. नुसतं ‘मान्य’ लिहून पाठवू नका. खाली काय केलंत ते लिहा, पावत्या जोडा. त्यात एक निवड असते: फक्त कागदावर निर्णय, की डोहा, म्हणजे डिफेन्स ऑफिस ऑफ हिअरिंग्ज अँड अपील्सच्या न्यायाधीशापुढे सुनावणी. कर्जाच्या प्रकरणात मी जवळजवळ नेहमी सुनावणी मागायला सांगते. तिथे सिद्ध करायचा भार तुमच्यावर असतो. १९८८ च्या ईगन निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंच आहे की क्लिअरन्सवर कुणाचा हक्क नाही, आणि शंका उरली तर ती देशाच्या सुरक्षेच्या बाजूने सोडवतात. अशा वेळी न्यायाधीशांनी तुम्हाला पाहणं, तुमच्या तोंडून हिशेब ऐकणं याने फरक पडतो. सुनावणीनंतरही आणखी कागद द्यायला अनेकदा थोडे दिवस देतात. डोहाचे निर्णय नावं गाळून इंटरनेटवर प्रसिद्ध असतात. गाइडलाइन एफचे दहाबारा वाचा, मंजूर आणि नामंजूर दोन्ही. माझ्या सगळ्या उत्तरापेक्षा त्यातून जास्त कळेल.

क्लिअरन्स मिळालं की विषय संपला असंही नाही. पूर्वी सिक्रेटसाठी १० वर्षांनी फेरतपासणी व्हायची. आता सतत तपासणी चालू असते. डिफेन्स खात्याची क्लिअरन्स असलेली सगळी माणसं २०२१ पासून त्यात आहेत, आणि रिपोर्टवर थकबाकी आली की तिकडे सूचना जाते. १२० दिवसांहून जास्त थकलेलं देणं किंवा दिवाळखोरी तुम्हाला स्वतःहून कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला कळवावी लागते. यंत्रणेला कळण्याआधी तुम्ही कळवलेलं असणं, इथेही तारीखच बघितली जाते. अर्ज नामंजूर झाला तर निर्णयाच्या तारखेपासून एक वर्ष पुन्हा अर्ज करता येत नाही. त्या वर्षातही हप्ते थांबवायचे नाहीत, कारण पुढच्या अर्जात पहिल्यांदा तेच बारा महिने तपासले जातात.